चार गावचं पाणी: हॅरी केनची लोनवरची वर्षं

ऑफसाइड_सापळा

एक छोटी परीक्षा घेतो. खाली एका स्ट्रायकरचा हिशेब आहे. वय १७ ते १९, चार क्लब, चारही ठिकाणी टॉटनहॅमकडून उसना, म्हणजे लोनवर.

लेटन ओरिएंट: १८ सामने, ५ गोल
मिलवॉल: २७ सामने, ९ गोल
नॉरिच: ५ सामने, ० गोल
लेस्टर: १५ सामने, २ गोल

एकूण ६५ सामने, १६ गोल. म्हणजे चार सामन्यांमागे एक. तुमच्या क्लबचा असता तर हा पोरगा ठेवला असता की विकला असता?

(नाव शीर्षकातच आहे, त्यामुळे पेपर आधीच फुटलाय. तरी प्रामाणिकपणे सांगा.)

या ६५ सामन्यांनंतर दोन वर्षांत याच पोराने एका मोसमात ३१ गोल मारले आणि त्यानंतर सलग दोनदा प्रीमियर लीगचा गोल्डन बूट (मोसमात सर्वाधिक गोल मारणाऱ्याचा मान) नेला. इंग्लंडच्या खेळाडूने तो बूट त्याआधी नेला होता १९९९-२००० मध्ये, संडरलँडच्या केव्हिन फिलिप्सने. मला विचारायचंय ते हे की या चार लोनमध्ये पुढच्या केनची काही खूण होती का, की आपण आता मागे वळून ओढूनताणून शोधतोय? माझं मत: खूण होती, पण गोलांच्या रकान्यात नव्हती.

---

खालची_लीग

सुरुवात ओरिएंटपासून करू, कारण लोक तो भाग एका ओळीत उरकतात.

जानेवारी २०११. ओरिएंट तेव्हा लीग वनमध्ये, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीवर, मॅनेजर रसेल स्लेड. केन १७ वर्षांचा. रॉचडेलला बदली म्हणून उतरला आणि आठवड्याने पहिला गोल. पाच गोल झाले, शिवाय हडर्सफील्डविरुद्ध बदली म्हणून येऊन दोन पिवळी कार्डं घेऊन बाहेरही गेला.

ते लाल कार्ड मला पाच गोलांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. अकॅडमीच्या सामन्यात सेंटर-बॅक (मधला बचावपटू) अंगावर आला की पंच शिट्टी फुंकतो. लीग वनमध्ये तिशीतला सेंटर-बॅक पहिल्याच उंच चेंडूला पाठीत कोपर ठेवतो आणि पंच 'खेळा' म्हणतो. पोरगा वैतागतो, उशिरा पाय घालतो, कार्ड घेतो. लोनवर गेलेल्या जवळपास प्रत्येक स्ट्रायकरचं हे ठरलेलं दुखणं. हे मोडायला ड्रिल नाही, असे वीसेक सामनेच लागतात.

---

निमूटवाचक

पहिला गोल रॉचडेललाच ना?

---

खालची_लीग

नाही. रॉचडेलला (१५ जानेवारी) पदार्पण, तोही १-१ सामना. गोल २२ जानेवारीला घरच्या मैदानावर, शेफील्ड वेन्सडेविरुद्ध ४-० मध्ये. तो त्याचा सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना.

---

डावा_खांब

सापळाराव, खूण शोधायची तर ओरिएंटच्याही मागे जावं लागेल.

जन्म २८ जुलै १९९३, वॉल्थमस्टो. रिजवे रोव्हर्स हा बालपणीचा क्लब, जिथे आधी बेकहॅमही खेळून गेला होता. आठव्या वर्षी आर्सेनलने उचलला आणि एका मोसमानंतर सोडून दिला. मग वॉटफर्डकडे चाचणीसाठी काही आठवडे, तिथून टॉटनहॅमविरुद्ध एक सामना, आणि ज्यांच्याविरुद्ध खेळला त्यांनीच २००४ मध्ये घेतला. वय ११.

आता ती २८ जुलै नीट बघा. इंग्लंडमध्ये वयोगट शाळेच्या वर्षाने ठरतो: १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. म्हणजे जुलैअखेर जन्मलेला पोरगा आपल्या गटातल्या सप्टेंबरवाल्यांपेक्षा दहा महिन्यांहून जास्त लहान. आठ-नऊ वर्षांच्या वयात दहा महिने म्हणजे डोक्याएवढी उंची आणि दोन पावलं वेग. इंग्लिश अकॅडम्यांत सप्टेंबर ते डिसेंबरची पोरं जास्त आणि मे ते ऑगस्टची कमी असतात, ही जुनी ओरड आहे आणि खरी आहे. केन तर वर उशिरा वाढणाऱ्यातला. आर्सेनलचे लोक आंधळे नव्हते. त्यांनी त्या दिवशी समोर जे उभं होतं ते मोजलं, इतकंच.

टॉटनहॅममध्येही सुरुवातीला तो नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, नव्हताच, मिडफिल्डमध्ये खेळायचा. मागे येऊन चेंडू मागायची सवय पुढे इतकी गाजली, ती तिथली असावी असं माझं मत. अंगाने भरला तसा पुढे सरकला. २००९-१० मध्ये अठराखालच्या संघासाठी २२ सामन्यांत १८ गोल.

त्यामुळे ६५ सामन्यांत १६ म्हणताना हेही लक्षात ठेवा की समवयस्कांमध्ये हा पोरगा गोल मारतच होता. मोठ्या पुरुषांमध्ये मारेल का, हा प्रश्न उरला होता.

---

निमूटवाचक

केनबद्दल इतरत्र वाचताना पडलेले दोन अडाणी प्रश्न. १) त्याला क्लबची स्कॉलरशिप होती म्हणतात, ती म्हणजे नक्की काय? करार की शिक्षण? २) लेस्टरला तो फेब्रुवारीत गेला. खेळाडूंच्या अदलाबदलीची खिडकी तर ३१ जानेवारीला बंद होते ना?

---

खालची_लीग

अडाणी कसले, दुसरा प्रश्न तर एकदम मोक्याचा आहे.

१) दोन्ही. १६ व्या वर्षी क्लब पोराला स्कॉलर म्हणून घेतो, साधारण दोन वर्षांसाठी. थोडका पगार, रोज सराव, सोबत अभ्यासक्रम. व्यावसायिक करार १७ पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही. केनची स्कॉलरशिप जुलै २००९, पहिला व्यावसायिक करार जुलै २०१०. दोन्ही वेळा कागद वाढदिवसाची वाट बघत होते म्हणा.

२) त्या काळी फुटबॉल लीगच्या क्लबांना (म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन पायऱ्या) खिडकी बंद असतानाही खेळाडू उसना घेता यायचा. याला 'इमर्जन्सी लोन' म्हणत. कमीत कमी २८ दिवस, जास्तीत जास्त ९३. नाव इमर्जन्सी, पण वापर सर्रास. केन लेस्टरला गेला २१ फेब्रुवारी २०१३ ला, शेवटचा सामना १२ मे. मोजा, ८० दिवस.

फिफाच्या आग्रहाने २०१६-१७ पासून ही सोय बंद झाली. आज जानेवारीत चुकीच्या क्लबात पोरगा पाठवला की मेपर्यंत तिथेच बेंच गरम करत बसायचं. तेव्हा चूक तीन आठवड्यांत निस्तरता यायची.

---

ऑफसाइड_सापळा

याला आणखी एक पदर आहे. २००९ मध्ये टॉटनहॅमने आपला राखीव संघ रिझर्व्ह लीगमधून काढून घेतला. म्हणजे अठराखालचा संघ संपला की पुढची पायरीच नाही: थेट पहिला संघ नाहीतर लोन. केन, रायन मेसन, अँड्रोस टाउन्सेंड ही पोरं गावोगाव फिरली त्यामागे हेही कारण. टाउन्सेंडच्या लोनची यादी तर केनहून लांब आहे.

---

कट्ट्यावरचा_पंच

सगळं ठीक, पण मी विकला असता. उगाच आता शहाणपण कशाला?

नॉरिच बघा. ऑगस्ट २०१२ च्या शेवटच्या दिवशी गेला, पहिल्यांदा प्रीमियर लीगच्याच क्लबात. वेस्ट हॅमविरुद्ध बदली म्हणून आला, सोपी संधी घालवली. २६ सप्टेंबरला डॉनकॅस्टरविरुद्धच्या लीग कप सामन्यात पायाचं मेटाटार्सल मोडलं. परतला थेट २९ डिसेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध. जानेवारीअखेर एफए कपमध्ये नॉरिच घरच्या मैदानावर ल्यूटनकडून हरलं. ल्यूटन तेव्हा पाचव्या पायरीवर, लीगबाहेरचा संघ! त्या अकरात केन होता. १ फेब्रुवारीला टॉटनहॅमने परत बोलावला. पाच सामने, शून्य गोल, एक मोडलेलं हाड.

मग लेस्टर: दोन गोल आणि जास्त वेळ बेंच. हे बघून 'पुढचा शिअरर' (प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल मारलेला) म्हणणारा एक माणूस दाखवा.

---

डावा_खांब

पंच, नॉरिचचं मान्य. पण त्याला लोन म्हणूच नका, दवाखाना म्हणा. मेटाटार्सल म्हणजे चवड्यातलं लांब हाड, ज्यावर भार टाकून माणूस झपकन वळतो. स्ट्रायकरचं काम तेच. सहा-आठ आठवड्यांत हाड जुळतं, पण बूट घालून दिशा बदलताना पायावर भरवसा यायला आणखी वेळ लागतो. तीन महिन्यांनी परतलेला १९ वर्षांचा पोरगा, तोही ख्रिस ह्यूटनच्या सावध संघात, जिथे पुढे एकच जागा आणि त्या जागेवर ग्रँट होल्ट. त्या पाच सामन्यांवरून निष्कर्ष काढणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नव्हे, भांड्यावरून भाताची परीक्षा.

---

खालची_लीग

मिलवॉलकडे कुणी येतच नाही. खरा खजिना तिथे आहे.

जानेवारी २०१२. केन आणि मेसन दोघे एकत्र गेले. चॅम्पियनशिप (वरून दुसरी पायरी), मॅनेजर केनी जॅकेट, संघ तळाच्या जागांशी झुंजत होता. लोनसाठी क्लब निवडताना हाच पेच असतो. वरचा संघ निवडला तर चेंडू जास्त मिळतो पण जागा मिळत नाही. खालचा निवडला तर जागा मिळते पण अर्धा वेळ स्ट्रायकरची पाठ गोलकडे. टॉटनहॅमने खालचा निवडला.

मिलवॉलचं मैदान 'द डेन'. तिथला प्रेक्षक गोड बोलणारा नाही. तिथे पोरगा टिकला तर त्याचा जीव मोठा, असं समजायला हरकत नाही. पहिले काही आठवडे लीगमध्ये गोल आला नाही, तरी जॅकेटने त्याला बाहेर बसवलं नाही. केन चेंडू धरत होता, पाठीवर माणूस घेऊन फाऊल मिळवत होता, बचाव करायला मागे धावत होता. मग गोल येऊ लागले. लीगमध्ये ७, एफए कपमध्ये २. मिलवॉल १६ वे आले, घसरले नाहीत. अर्धाच मोसम खेळून क्लबचा त्या वर्षीचा 'तरुण खेळाडू' हा मान त्याला मिळाला.

आता सापळारावांचा ६५-१६ चा हिशेब दोन भागांत करा. ओरिएंट अधिक मिलवॉल: ४५ सामन्यांत १४. नॉरिच अधिक लेस्टर: २० सामन्यांत २. एकाच रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी घातल्या की आकडा खोटं बोलतो.

---

कट्ट्यावरचा_पंच

४५ मध्ये १४ म्हणजेही तीनात एकच. अठरा वर्षांच्या पोरासाठी बरं आहे, डोळे दिपवणारं नाही. आणि लेस्टर?

---

पेटीतला_कोल्हा

लेस्टरबद्दल मी सांगतो. निजेल पिअरसनकडे तेव्हा दोन जागांसाठी चार स्ट्रायकर: डेव्हिड न्यूजंट, जानेवारीत आलेला ख्रिस वुड, जेमी वार्डी आणि केन. वुड आला तोच गोल मारत आला. केनने ब्लॅकबर्नविरुद्ध ३-० मध्ये घरचं पदार्पण गोलने साजरं केलं, पण संघ घसरत गेला आणि मॅनेजर घाबरला की अनुभवी माणसांकडे जातो.

प्लेऑफच्या (प्रीमियर लीगमध्ये चढायच्या शेवटच्या जागेसाठीचे सामने) उपांत्य फेरीत वॉटफर्ड. पहिला सामना लेस्टरने १-० जिंकलेला. दुसऱ्यात वॉटफर्ड २-१ पुढे, म्हणजे एकूण बरोबरी. नव्वदीनंतरच्या जादा मिनिटांत लेस्टरला पेनल्टी: क्नोकार्टचा फटका अल्मुनियाने अडवला, परत आलेला चेंडूही अडवला, आणि तोच चेंडू दुसऱ्या टोकाला नेऊन डीनीने गोल केला. वीस सेकंदांत अंतिम फेरी एका संघाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. केन तेव्हा बदली म्हणून मैदानात होता.

वार्डी आणि केन शेजारी शेजारी बेंचवर बसलेला त्या मोसमातला फोटो पुढे जगभर फिरला. तीन वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, केन २५ गोलांसह पहिला आणि वार्डी २४ गोलांसह दुसरा होता. त्या दोघांना बसवून लेस्टर प्लेऑफ हरलं म्हणून पिअरसनला हसणं सोपं आहे; पण मार्च २०१३ मध्ये वुड आणि न्यूजंट हेच बरोबर उत्तर होतं.

---

निमूटवाचक

मग या सगळ्यात टॉटनहॅमच्या पहिल्या संघात तो कधी दिसला?

---

ऑफसाइड_सापळा

गुरुवारी!

२५ ऑगस्ट २०११, युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या दर्जाची स्पर्धा, सामने गुरुवारी) पात्रता फेरी, हार्ट्सविरुद्ध परतीचा सामना. पहिला सामना ५-० जिंकून झाल्यामुळे मॅनेजर हॅरी रेडनॅपने पोरं उतरवली. केनने पेनल्टी मिळवली, स्वतःच मारायला गेला, गोलरक्षक जेमी मॅकडोनल्डने अडवली. सामना ०-०. पदार्पण असं! पहिला गोल १५ डिसेंबरला डब्लिनला, शॅमरॉक रोव्हर्सविरुद्ध ४-० मध्ये.

युरोपाच्या नोंदणीत पोरांना फार सोय होती. २५ जणांच्या मुख्य यादीशिवाय एक 'ब' यादी असते. ठरावीक वयाखालचा आणि १५ व्या वर्षानंतर किमान दोन वर्षं सलग त्याच क्लबात असलेला खेळाडू त्यात बसतो. संख्येला मर्यादा नाही. म्हणून घरच्या अकॅडमीतला पोरगा गुरुवारी कुणाची जागा न खाता खेळू शकतो.

प्रीमियर लीगमधलं पदार्पण १८ ऑगस्ट २०१२, न्यूकॅसलला, शेवटच्या काही मिनिटांसाठी. त्यानंतर लीगमध्ये पहिल्यापासून उतरायला ७ एप्रिल २०१४ उजाडावं लागलं.

---

कट्ट्यावरचा_पंच

आणि इथेच माझा मुद्दा. २०१३ च्या उन्हाळ्यात क्लबने स्ट्रायकर सोल्दादोला व्हॅलेन्सियाहून २.६ कोटी पौंडांना आणलं. तो आटला. दुसरा स्ट्रायकर अडेबायोर कधी हो कधी नाही. डिसेंबरमध्ये मॅनेजर व्हिलास-बोआसला काढलं आणि टिम शेरवूड आला, जो क्लबच्या तरुण संघांचं काम बघत होता आणि केनला ओळखत होता. सोल्दादो वीस गोल मारता तर केनचा पाचवा लोन ठरलेला होता. याला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

---

डावा_खांब

दार नशिबाने उघडलं, मान्य. पण ७ एप्रिलला संडरलँडविरुद्ध (५-१) पहिल्या स्टार्टमध्ये एरिकसनच्या क्रॉसवर गोल, पुढच्या सामन्यात वेस्ट ब्रॉमला गोल, त्याच्या पुढच्यात फुलहॅमविरुद्ध गोल. सलग तीन. त्याआधी ऑक्टोबरमध्ये हलविरुद्धच्या लीग कप सामन्यात जादा वेळेत बरोबरीचा गोल आणि मग शूटआउटमध्ये पेनल्टी, टॉटनहॅम ८-७ ने पुढे. हे करायला तयारी लागते, नुसतं दार नव्हे.

---

पेटीतला_कोल्हा

तयारीचंच बोलू या, कारण गोल कसा मारायचा याबद्दल धाग्यात अजून एक ओळ नाही!

केनकडे वेग नव्हता. तरुणपणी धावण्याची ढबही जडशीळ. वेग नसलेल्या स्ट्रायकरला बचावपटूला मागे टाकून फटका मारता येत नाही, म्हणून त्याला बचावपटू समोर असतानाच मारायला शिकावं लागतं. त्याची पद्धत अशी मोडून सांगता येते:

पहिला स्पर्श चेंडू थांबवायला नाही, अर्धा यार्ड बाजूला सरकवायला. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने उजवीकडे, किंवा आतल्या बाजूने डावीकडे. अर्धा यार्ड पुरे, कारण बचावपटूला पार करायचंच नाहीये, फक्त त्याच्या पायाच्या रेषेबाहेर चेंडू हवाय.

लगेच दुसऱ्या स्पर्शाला फटका. पाय मागे कमी घ्यायचा, गुडघ्यापासून खालचा भाग झटकायचा. पाय मोठा मागे गेला की बचावपटू आणि गोलरक्षक दोघांना वेळ मिळतो. आधाराचा पाय चेंडूच्या शेजारी, मागे राहिला तर चेंडू उडतो. मांडी आणि छाती चेंडूवर झुकलेली.

फटका खाली आणि लांबच्या खांबाकडे. बचावपटू अडवायला पाय टाकतो तेव्हा त्याच्या दोन पायांत फट पडते. तिथूनच चेंडू काढायचा. गोलरक्षकाला तो उशिरा दिसतो. वर त्याला खाली झोपावं लागतं, आणि गोलरक्षक जितका उंच तितका जमिनीपर्यंत हात पोचायला उशीर.

नमुना हवा असेल तर १ जानेवारी २०१५, चेल्सीविरुद्ध ५-३. पहिला गोल: डावीकडून आत येत, समोर माणसं असताना, पेटीच्या (गोलसमोरची पेनल्टीची चौकट) बाहेरून खाली कोपऱ्यात. दुसरा: पाठ गोलकडे, चेंडू घेतला, वळला, ताकद न लावता लांबच्या कोपऱ्यात ठेवला. समोर दोन मीटर उंचीचा कुर्तुआ. दोन्ही वेळा चेंडू गवताला चिकटून.

यात काय बिघडतं? नवी पोरं पहिला स्पर्श फार लांब देतात, दोन यार्ड. मग चेंडूपर्यंत धावावं लागतं, शरीर मागे पडतं, फटका तिसऱ्या मजल्यावर. किंवा सरकवल्यावर वर बघतात. गोल हलत नाही हो! २४ फूट रुंद, ८ फूट उंच, कायम तिथेच. बघायचं ते चेंडू येण्याआधी.

---

निमूटवाचक

हे छापून ठेवतो. आणि हेडर?

---

पेटीतला_कोल्हा

७ फेब्रुवारी २०१५, आर्सेनलविरुद्ध २-१, ८६ वं मिनिट. बेन्तालेबचा क्रॉस डावीकडून येतो. केन कोशिएल्नीच्या वर चढतो. चेंडू जोरात येत नव्हता, त्यामुळे जोर मानेतून द्यायचा होता, आणि दिशा उलटी: ज्या बाजूने चेंडू आला त्याच बाजूच्या खांबाकडे परत. गोलरक्षक क्रॉसबरोबर सरकलेला असतो, त्याचं वजन दुसऱ्या पायावर असतं. त्याला परत फिरता येत नाही.

ज्या क्लबने आठ वर्षांचा असताना सोडलं त्याच क्लबाविरुद्ध, हे वर्तमानपत्रांनी चघळून चघळून संपवलंय, मी परत चघळत नाही.

---

कट्ट्यावरचा_पंच

पेनल्टीबद्दल पण लिहा की. हार्ट्सला चुकली, ऑगस्ट २०१४ मध्ये एईएल लिमासोलविरुद्ध चुकली, फेब्रुवारी २०१५ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध जादा मिनिटांत अद्रियानने अडवली.

---

पेटीतला_कोल्हा

आणि वेस्ट हॅमची परत आलेली त्यानेच गोलमध्ये घातली, २-२. लिमासोलविरुद्धही त्याच सामन्यात गोल मारला. पंच, तुम्ही आरोपपत्र वाचता वाचता जामीन देताय.

खरी गोष्ट अशी की पेनल्टी चुकल्यावर पुढची मागायला कोण पुढे येतो, हे मॅनेजर बघत असतो. २०१४-१५ मध्ये चुकूनही चेंडू त्याच्याकडेच येत राहिला. तंत्र नंतर घट्ट झालं: ठरलेली पावलं, कोपरा आधी ठरवायचा, गोलरक्षक हलला तरी बदलायचा नाही, आणि जोर इतका की दिशा ओळखली तरी हात पोचू नये. १२ यार्डांवरून जोरात, खाली, खांबालगत गेलेला चेंडू गोलरक्षकाच्या आवाक्यात नसतोच.

---

खालची_लीग

२०१४-१५ ची सुरुवात विसरू नका. नवा मॅनेजर पोचेटिनो आला तेव्हाही लीगमध्ये आधी अडेबायोर, केन गुरुवारचा गडी. २३ ऑक्टोबरला आस्तेरास त्रिपोलीविरुद्ध हॅटट्रिक. त्याच सामन्यात गोलरक्षक योरीसला लाल कार्ड, बदली संपलेल्या, म्हणून हातमोजे केननेच चढवले आणि फ्री किकवर हातातून चेंडू निसटून गोल खाल्ला. ५-१. हॅटट्रिक आणि गोलरक्षकाची घोडचूक एकाच संध्याकाळी!

मग २ नोव्हेंबर, ॲस्टन व्हिलाचं मैदान व्हिला पार्क. टॉटनहॅम मागे, केन बदली म्हणून आला, शेवटच्या मिनिटाला फ्री किक. नेथन बेकरला लागून दिशा बदलली आणि आत. २-१. त्यानंतर तो लीगच्या अकरातही दिसू लागला. म्हणजे बघा, कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा फटका दुसऱ्याच्या अंगाला लागून गेला. पंचांना एक गुण.

---

कट्ट्यावरचा_पंच

उशिरा का होईना, मिळाला.

---

ऑफसाइड_सापळा

मोसमाचा पूर्ण हिशेब देऊन ठेवतो: ५१ सामने, ३१ गोल. लीग २१, युरोपा ७, लीग कप ३. टॉटनहॅमसाठी एका मोसमात तिशी गाठणारा १९९१-९२ च्या लिनेकरनंतर पहिलाच. जानेवारी आणि फेब्रुवारी, दोन्ही महिन्यांचा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू. फेब्रुवारीत २०२० पर्यंतचा करार. २७ मार्चला इंग्लंडकडून लिथुएनियाविरुद्ध रूनीच्या जागी उतरला आणि ७९ सेकंदांत, स्टर्लिंगच्या क्रॉसवर, हेडरने गोल.

पुढच्या मोसमाची सुरुवात कोरडी गेली. लीगमधला पहिला गोल थेट २६ सप्टेंबरला, मँचेस्टर सिटीविरुद्ध. 'एका मोसमाचा पाहुणा' म्हणून चिडवणाऱ्यांना दीड महिना चांगला गेला. मोसमअखेर २५ गोल. त्याच्या पुढच्या वर्षी घोट्याच्या दोन दुखापती सोसून २९, त्यातले ७ शेवटच्या दोन सामन्यांत (लेस्टरला ४, हलला ३). आणि ऑगस्ट महिन्यातला त्याचा पहिला प्रीमियर लीग गोल आला तो १८ ऑगस्ट २०१८ ला, फुलहॅमविरुद्ध. तोवर दोन गोल्डन बूट घरी होते!

---

निमूटवाचक

मग लोनवरचा स्ट्रायकर जोखायचा कसा? गोल नाही बघायचे तर काय बघायचं?

---

खालची_लीग

गोल बघायचेच, पण सामन्यांनी भागून नाही, मिनिटांनी. एखादा पोरगा १२ सामन्यांत १५-१५ मिनिटं बदली म्हणून आला, तर ती १८० मिनिटं झाली, म्हणजे दोन पूर्ण सामने. '१२ सामन्यांत १ गोल' आणि '२ सामन्यांत १ गोल' एकच गोष्ट आहे, पण कागदावर एक नापास आणि एक पहिला. म्हणून एकूण मिनिटं काढा, ९० ने भागा, मग गोलांना त्याने भागा. पेनल्टी वेगळ्या काढा.

त्यानंतर: किती सामने पहिल्यापासून खेळला? गोल आटले तेव्हा मॅनेजरने काढलं की ठेवलं? ठेवलं असेल तर गोलाशिवाय काही देत असणार, ते शोधा. संघ सामन्यामागे किती संधी तयार करतो? तळाच्या संघात स्ट्रायकरला पेटीत तीन स्पर्श मिळाले तरी पुष्कळ. दुखापत होती का, आणि परतल्यावर किती आठवड्यांनी? सगळ्यात शेवटी फटक्यांची जागा: दुरून उतावीळपणे मारतोय की पेटीच्या आत पोचतोय? पोचत असेल आणि चुकवत असेल तर थांबा. पोचतच नसेल तर पंचांसारखं विका.

---

कट्ट्यावरचा_पंच

मी तरी ओरिएंटला विकला असता. त्यांनी आयुष्यभर आभार मानले असते.

---

डावा_खांब

ओरिएंटला न विकताही फायदा झालाच. २०२० मध्ये कोविडच्या काळात केनने ओरिएंटच्या शर्टावरची प्रायोजकाची जागा विकत घेतली, पण स्वतःचं नाव टाकलं नाही. घरच्या शर्टावर करोनाशी लढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आभाराचा संदेश, बाहेरच्या शर्टावर मुलांचं हॅवन हाउस हॉस्पिस, तिसऱ्यावर मानसिक आरोग्याचं काम करणारी 'माइंड' संस्था. १८ सामने आणि ५ गोलांच्या गावासाठी.

---

निमूटवाचक

आणि ते लाल कार्ड धरून?

---

खालची_लीग

ते धरूनच.